परत मागवलेली बंदूक

कांजूरमार्ग पश्चिमेला, एलबीएस रोडवरच्या एका बँकेच्या दाराशी बाराबोरची दुनळी बंदूक घेऊन एक गृहस्थ बसलेले असतात. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. शाखेतले कर्मचारी, बाहेरचा चहावाला, रिक्षा स्टँडवरची पोरं, सगळे त्यांना ‘मेजर’ म्हणतात. फौजेतून आलेल्या माणसाला हुद्दा न विचारता मेजर म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘हमी’ हा विषय दिला तेव्हा मला ही बंदूक आठवली. फ्रिज, मिक्सर, मोबाइल यांच्या वॉरंटीविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण जिच्यातला बारीकसा दोष माणसाचा जीव घेऊ शकतो, त्या वस्तूची हमी कोण देतं? ती सदोष निघाली तर बनवणारा ती परत कशी मागवतो, आणि पैसे मोजून ती घेतलेल्या माणसाच्या संतापाला कसा सामोरा जातो?

कामकाज आटोपून शटर अर्धं खाली आल्यावर मेजरांशी बोलणं झालं. बंदूक बँकेची, परवाना बँकेच्या नावाचा, आणि ती बाळगणारा म्हणून त्यावर मेजरांचं नाव. आधी त्यांनी ती सांध्यातून मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं मला दाखवलं. काडतुसं कमरेच्या पट्ट्यात. नळ्यांमागे, अंगठा सहज पोचेल अशा जागी सेफ्टीचं सरकतं बटण आहे. ते मागे असलं की चाप ओढला जात नाही. बहुतेकांचा समज असा की आता बंदूक उडणारच नाही. मेजरांना तसं वाटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

या जातीच्या बहुतेक साध्या दुनळ्यांत घोडे आत असतात, बाहेरून दिसत नाहीत. बंदूक मोडून मिटवली की आतले घोडे चढतात, स्प्रिंग दाबली जाते आणि एक लहानशी खिट्टी घोड्याच्या खाचेत अडकून त्याला मागे धरून ठेवते. सेफ्टी अडवते ती फक्त चापाला. बंदूक दगडी फरशीवर दस्त्याच्या अंगाने जोरात आपटली आणि झिजलेली खिट्टी खाचेतून निसटली, तर चापाला कोणी हात न लावताही घोडा पुढे येतो. महागड्या बंदुकांत हे रोखायला दुसरी खिट्टी असते. साध्या बंदुकांत नसते. म्हणून नळ्या रिकाम्या ठेवण्यावर मेजरांचा कटाक्ष. फौजेत हत्याराची तक्रार आर्मररकडे जायची, वहीत नोंद व्हायची. इथे या बंदुकीच्या कंपनीने उद्या सांगितलं की आमच्या अमुक क्रमांकांच्या बंदुकांत खिट्टी कच्ची आहे, तर ते तुमच्यापर्यंत कसं पोचेल, असं मी विचारलं. त्यांनी शाखा व्यवस्थापकांच्या केबिनकडे पाहिलं. कंपनीकडून असं पत्र येऊ शकतं, हे त्यांच्या ऐकिवातच नव्हतं.

रिकामा डबा, भाडं कंपनीचं

अशी पत्रं जिथे येतात तो देश अमेरिका. तिथे १९७२च्या कायद्याने ग्राहकवस्तूंच्या सुरक्षेचा आयोग नेमला गेला, पण बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. खेळण्यातली बंदूक धोकादायक ठरली तर आयोग ती दुकानांतून उचलायला लावू शकतो, खऱ्या बंदुकीला हात लावू शकत नाही. त्यामुळे सदोष पिस्तूल परत मागवायचं की नाही हे कंपनीच ठरवते. तिच्यामागे उभी असते ती फक्त कोर्टाची भीती आणि गिऱ्हाईक तुटण्याची भीती. या दोन भीतींच्या जोरावर काय काय घडतं, हे पाहण्यासारखं आहे.

रूगर या कंपनीची १९५३ ते १९७२ या काळातली रिव्हॉल्व्हरं जुन्या काउबॉय धाटणीची होती. घोडा ज्या काडतुसावर टेकलेला असेल ते, रिव्हॉल्व्हर पडल्यावर उडू शकायचं. जाणकार माणसं सहापैकी पाचच घरं भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. ज्यांना ही रीत ठाऊक नव्हती त्यांच्यातल्या काहींच्या पायात, मांडीत गोळ्या गेल्या. १९७३पासून कंपनीने रचना बदलली: घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये एक पट्टी आली, चाप ओढला तरच ती वर चढते. विकून झालेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरांना हाच बदल फुकट करून द्यायला १९८२मध्ये सुरुवात झाली. मालक कितवा आहे, पावती आहे का, हे प्रश्न नाहीत. विक्री होऊन अर्धशतक उलटलं तरी ते काम बंद झालेलं नाही.

या योजनेतली एक बारीक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. अनेक मालक रिव्हॉल्व्हर पाठवायला तयार नव्हते. नव्या भागांनी चापाचा हलका स्पर्श जातो आणि संग्राहकांच्या बाजारात मूळ भाग नसलेल्या रिव्हॉल्व्हरची किंमत घसरते. कंपनीने यावर वाद घातला नाही. नवे भाग बसवायचे आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून मालकाला परत द्यायचे, असं ठरवलं. धोका गेला पाहिजे हा कंपनीचा हट्ट आणि माझी वस्तू मोडू नका हा मालकाचा हट्ट, दोन्हींना जागा मिळाली.

२००८च्या एप्रिलमध्ये याच कंपनीचं एसआर९ हे नवं पिस्तूल, बाजारात येऊन काही महिनेच झालेले असताना, परत मागवलं गेलं. सेफ्टी उघडी असताना पडलं तर गोळी सुटू शकते, असं आढळलं होतं. ‘३३०’ने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या मालकांना सांगितलं गेलं की आजपासून हे भरू नका, वापरू नका. मालकाच्या घरी रिकामा डबा यायचा, भाडं कंपनीचं. दुरुस्त पिस्तुलासोबत तसदीबद्दल एक जादा मॅगझिन. तिथल्या कायद्याने मालक दुरुस्तीसाठी पिस्तूल थेट कारखान्याला पाठवू शकतो आणि कारखाना ते थेट घरी परत पाठवू शकतो, म्हणून हे जमतं.

सगळीकडे इतकं सुरळीत झालं नाही. २०१३च्या ऑगस्टमध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीने एक्सडी-एस पिस्तुलं परत बोलावली. आत गोळी चढताना ती आपोआप सुटण्याचा किंवा एका ओढीत दोन सुटण्याचा धोका होता. पिस्तुलं गोळा झाली, सुधारलेले भाग तयार व्हायला वेळ लागला, आणि लोक महिनोनमहिने वाट पाहत बसले. स्वसंरक्षणासाठी घेतलेली वस्तू कारखान्यात पडून आणि आपण हात हलवत, हा तो राग. दोष निघाला म्हणून लोक तितके चिडत नाहीत. त्यांना चीड येते ती तारीख न कळण्याची. भाग हातात नसताना वस्तू मागवायची की भाग येईपर्यंत लोकांना धोक्यासह राहू द्यायचं, हा पेच प्रत्येक उत्पादकापुढे येतो. माझ्या मते पहिलंच योग्य, मग कितीही शिव्या पडोत. फक्त आठवड्याला एक खरं वाक्य लोकांना सांगितलं पाहिजे.

सिग सॉअरने २०१७मध्ये वेगळी वाट धरली. त्यांचं पी३२० हे पिस्तूल त्याच वर्षी अमेरिकी लष्कराने निवडलं होतं. ते मागच्या बाजूने विशिष्ट कोनात पडलं तर चाप स्वतःच्या वजनाने मागे येतो आणि गोळी सुटते, हे ऑगस्टमध्ये उघड झालं. डॅलसच्या पोलिसांनी वापर थांबवला. कंपनीने हलका चाप आणि आतले काही नवे भाग फुकट बसवून द्यायची योजना जाहीर केली, पण ती सक्तीच्या परतीची न ठेवता मालकाच्या मर्जीवर सोडली. मर्जीवर सोडलेली गोष्ट लोक पुढे ढकलतात. आधीच्या मालकाने ढकललेली पुढच्या मालकाला ठाऊकही नसते. पुढे कोणी चाप न ओढताच गोळी सुटल्याच्या तक्रारींवरून खटले आले. २०२४मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फियातल्या ज्यूरींनी कंपनीविरुद्ध मोठी भरपाई ठरवली. आपल्या रचनेत दोष नाही, असं कंपनी ठामपणे सांगते.

आणि कंपनीच उरली नाही तर? रेमिंग्टनने २०१४मध्ये, २००६पासून बनवलेल्या काही रायफलींचे चाप परत मागवले. जुळणीच्या वेळी चिकटद्रव्य जास्त लागल्याने रायफल आपसूक उडू शकत होती. त्यानंतर २०१८ आणि २०२० अशी दोनदा ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. रायफली मात्र लोकांच्या कपाटात आहेतच.

गावची बंदूक

मुंबईत बंदूक फक्त बँकेच्या दारात असते, असं समजण्याचं कारण नाही. कांजूर-भांडुपच्या चाळींत आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत सिंधुदुर्गातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गावच्या घरी शेतीसंरक्षणाची बंदूक असते. कुडाळ तालुक्यातले एक काका कांजूरच्या क्रॉम्प्टनमध्ये नोकरी करून निवृत्त झाले. त्यांच्या वडिलांच्या वेळची एकनळी आता गावी राहणाऱ्या भावाच्या नावावर आहे. रानडुकरं भातात शिरतात, माकडं नारळ-केळी ठेवत नाहीत. त्यांना हुसकावायला बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. ती बनवणाऱ्याचं नाव नळीवर अर्धवट पुसलेलं आहे.

काकांचं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं बोलणं निवडणुकांविषयीचं होतं. आचारसंहिता लागली की पोलीस पाटील निरोप घेऊन येतो, बंदूक ठाण्यात जमा करायची असते, पावती मिळते, निकालानंतर बंदूक परत. यावर कोकणात आणि गोव्यात शेतकऱ्यांनी पुष्कळ तक्रारी केल्या, कारण निवडणूक आहे म्हणून डुकरं यायची थांबत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर आता सरसकट जमा करून घेण्याऐवजी कोणाची बंदूक घ्यायची हे छाननी समितीने ठरवायचं असतं.

म्हणजे बघा. बंदूक परत मागवायला जे जे लागतं, ते आपल्याकडे आहेच. शस्त्र अधिनियम, १९५९च्या आठव्या कलमाप्रमाणे ओळखीचे क्रमांक आणि खुणा नसलेलं अग्निशस्त्र विकताच येत नाही. कोणता क्रमांक कोणाच्या हातात, हे परवान्यावर लिहिलेलं. परवाने राष्ट्रीय माहितीसंचात चढलेले. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली, म्हणजे पाच वर्षांतून एकदा तरी मालकाला सरकारदरबारी यावंच लागतं. निरोप देणारा गावात आहे, ठेवून घेणारं ठाणं आहे, पावतीपुस्तक आहे. अमेरिकेतल्या कंपन्या जाहिराती देऊन मालक शोधतात; आपल्याकडे प्रत्येक मालकाचा पत्ता जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयात आधीपासून आहे.

नाही ते एवढंच, की दोष सापडल्यावर उत्पादकाने कोणाला कळवायचं आणि यंत्रणा कोणी हलवायची हे सांगणारं कलम त्या कायद्यात नाही. आणि मालकाचं कामही सोपं नाही. बंदूक कुरियरच्या पोराच्या हातात देता येत नाही. परवान्याचं क्षेत्र राज्यापुरतं की देशभर हे पाहावं लागतं. उघडायची तर परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं रिव्हॉल्व्हर मुंबईत कोणी घेतलं आणि त्यात दोष निघाला, तर स्वखर्चाने एवढं फिरणार कोण? २०१४मध्ये महिलांसाठी म्हणून हलकं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर तिथून बाजारात आलं, तेव्हा सव्वा लाखाच्या आसपासच्या किमतीची चर्चा खूप झाली. विक्रीनंतर जबाबदारी कोणाची, हे त्या चर्चेत माझ्या कानावर आलं नाही.

एलबीएस रोडवरचा काउंटर

बंदुकीसाठी जे कलम नाही, ते गाडीसाठी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये ११०-अ हे कलम आलं आणि त्याखालची परतीची नियमावली १ एप्रिल २०२१पासून लागू झाली. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेला बाधक दोष असेल आणि तक्रारी ठरावीक संख्येवर गेल्या, तर चौकशी होऊन सरकार गाड्या परत मागवायला लावू शकतं. कंपनीने स्वतःहून पाऊल उचललं नाही तर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. त्याआधी २०१२पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक आचारसंहिता होती, आणि तिच्याही आधी, २०१०मध्ये, मारुतीने इंधन पंपाच्या गॅस्केटसाठी एक लाख ए-स्टार गाड्या बोलावल्या होत्या.

भांडुप ते कांजूर या पट्ट्यात एलबीएस रोडच्या दोन्ही अंगांना गाड्यांची शोरूम आणि सर्व्हिस सेंटर आहेत. त्यातल्या एका ठिकाणी सकाळभर काउंटरजवळ बसून राहिलो. परतीसाठी आलेली गाडी ओळखू येते, कारण तिचा मालक मोबाइल पुढे करून आत येतो. मेसेज त्यावर असतो. सर्व्हिस ॲडव्हायझर चॅसिस नंबर टाकतो आणि पडद्यावर ‘ओपन’, म्हणजे काम बाकी, असं दिसतं. मग कळतं की भाग आलेला नाही. मालक म्हणतो, मग मेसेज कशाला पाठवलात? तो हिशेबाने बरोबर आहे. काउंटरवरचा मुलगाही बरोबर आहे, कारण मेसेज त्याने पाठवलेला नसतो आणि भाग कधी येणार हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सदोष भाग ज्यांनी आखला ते अभियंते आणि ज्याचा खाडा झाला तो मालक यांची कधी गाठ पडत नाही. दोघांमधला सगळा राग या पंचविशीतल्या मुलाच्या अंगावर येतो. दुपारपर्यंत त्याचा आवाज बसला होता.

सेकंडहँड गाडी घेतलेल्या एका ताईंना तर मेसेजच आला नव्हता. त्या ब्रेकपॅडसाठी आल्या होत्या. नंबर टाकल्यावर एअरबॅगचं परतीचं काम बाकी असल्याचं दिसलं. मेसेज बहुधा पहिल्या मालकाच्या नंबरवर गेला असावा. आरटीओच्या नोंदीत नवं नाव चढलं तरी कंपनीच्या यादीत जुनाच नंबर राहतो, असं त्या मुलाने मला नंतर समजावलं. त्याने ते काम त्याच दिवशी करून दिलं, तेही पैसे न घेता. घाबरलेल्या ताई जाताना त्याचे आभार मानून गेल्या.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या बाबतीत आपण हे सगळं घाईघाईत शिकलो. २०२२च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची स्कूटर पेटली आणि तिची चित्रफीत देशभर फिरली. एप्रिलमध्ये कंपनीने त्या तुकडीतल्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. ओकिनावाने बॅटरीसाठी ३,२१५ बोलावल्या. कुकरच्या बाबतीत हे काम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने केलं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आणि पैसे परत करायला लावण्याचा अधिकार त्याला दिला आहे. मानकात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर परत घ्या, असा आदेश २०२२मध्ये ॲमेझॉनला निघाला. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली, पण कुकरसाठी असा आदेश निघू शकतो हे तरी दिसलं. त्या कायद्यात वस्तू म्हणजे जंगम मालमत्ता, बंदूकही जंगमच. प्राधिकरणाने मनावर घेतलं तर रस्ता आहे.

पुलगाव

आतापर्यंतची गिऱ्हाइकं एकेकटी होती. देशातलं शस्त्रांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लष्कर. त्याच्याही तक्रारीचं काय होतं, हे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावने दाखवलं.

कांजूरला नौदलाच्या नागरी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. नौदलाच्या दारूगोळ्याच्या कोठारात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला लॉट म्हणजे काय ते सांगितलं. दारूगोळ्याच्या प्रत्येक खोक्यावर कारखान्याची खूण, वर्ष आणि लॉटचा क्रमांक असतो. एका लॉटमध्ये दोष दिसला की त्या लॉटवर बंदी येते, खोकी वेगळी रचली जातात आणि पत्रव्यवहार सुरू होतो. इथवर यंत्रणा चोख. पण वेगळं रचलेलं खोकं हे काही परत गेलेलं खोकं नव्हे, यावर ते पुन्हा पुन्हा येत होते. ते त्याच आवारात, त्याच उन्हात पडून राहतं.

पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात रणगाडाविरोधी सुरुंग असे पडून होते. त्यांतलं टीएनटी हे स्फोटक पाझरत होतं. टीएनटी शुद्ध असेल तर साधारण ८० अंशांपर्यंत घट्ट राहतं. त्यात अशुद्ध घटक राहिले तर ते कमी उष्णतेला वितळतात आणि तेलकट होऊन कवचाच्या फटींतून बाहेर येतात. विदर्भातला उन्हाळा त्याला पुरतो. दोष लष्कराला ठाऊक होता, सुरुंग बनवणाऱ्या सरकारी आयुध निर्माणी मंडळाला ठाऊक होता. दोष कसा काढायचा आणि कोणी, यावर वर्षानुवर्षं कागद फिरत राहिले. ३१ मे २०१६च्या पहाटे सुरुंग ठेवलेल्या शेडला आग लागली आणि स्फोट झाला. १९ जण गेले. त्यांत अधिकारी होते, पहाऱ्यावरचे जवान होते, आणि बरेचसे भांडाराच्या अग्निशमन दलातले लोक होते. सुरुंग त्यांनी बनवले नव्हते, मागवले नव्हते, आणि त्या पत्रव्यवहारात त्यांचं मत कोणी विचारलेलं नव्हतं.

पुढे कॅगने या दिरंगाईवर बोट ठेवलं. २०२०मध्ये लष्कराचा एक अंतर्गत अंदाज वर्तमानपत्रांत आला: २०१४पासून सदोष दारूगोळ्यापायी ९६० कोटी रुपये गेले, त्यांत पुलगावच्या आगीनंतर निकालात काढलेले सुमारे ३०३ कोटींचे सुरुंग. मंडळाने उत्तर दिलं की अपघातांना तोफांची निगा, गोळा डागण्याची पद्धत, मूळ आराखडा अशी इतर कारणंही असू शकतात. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नव्हे. पण लॉट कारखान्यात परत यायला कारण निश्चित होण्याची वाट पाहायची नसते. रूगरने डबे पाठवले तेव्हा एकेक पिस्तूल दोषी आहे की नाही हे कुठे तपासलं होतं? आधी सगळी आपल्याकडे घेतली, मग उघडली. पुलगावला गिऱ्हाईकही सरकार, उत्पादकही सरकार, त्यामुळे कोर्टाची भीती नव्हती आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल हीही भीती नव्हती. मला या सगळ्या शोधात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

२० नोव्हेंबर २०१८ला पुलगावजवळच जुना दारूगोळा नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत जवळपासच्या गावांतले, खोकी उतरवायला रोजंदारीवर आलेले मजूर होते. १ ऑक्टोबर २०२१ला मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा हे आपले दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. तिचं मुख्यालय पुण्यात आहे. कंपनी म्हणून तिला आता ताळेबंद आहे, परदेशी गिऱ्हाइकं आहेत, आणि माल नापसंत झाला तर ऑर्डर जाण्याची भीतीही आहे. लष्कराशी होणाऱ्या तिच्या प्रत्येक करारात दोन ओळी असल्या पाहिजेत: लॉटवर बंदी आली की किती दिवसांत तो माल कारखान्याने स्वतःच्या खर्चाने उचलायचा, आणि तोवर तो कोणत्या वस्तीपासून, कोणत्या मजुरापासून किती लांब ठेवायचा.